जुन्या व्हॅनमधील विजेचा बिघाड कसा शोधावा : सोलापुरातील नव्या व्हॅनमालकांसाठी

चादरी-टॉवेलचे गठ्ठे पोहोचवण्यासाठी, केटरिंगच्या भांड्यांसाठी किंवा तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरच्या फेऱ्यांसाठी सोलापुरात अनेक जण जुनी व्हॅन घेतात. त्यात ओम्नी सर्वांत जास्त दिसते. १९८४ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, त्यामुळे आज विकत मिळणारी प्रत्येक ओम्नी जुनीच असते. इंजिन ठीक आहे, टायर बरे आहेत, कागद पूर्ण आहेत, एवढे पाहून व्यवहार होतो आणि विजेच्या तक्रारी त्यानंतर सुरू होतात. सकाळी सेल्फ लागत नाही, दिवे मंद जळतात, इंडिकेटर मनात येईल तेव्हा चालतो, फ्यूज पुन्हापुन्हा उडतो. अशा वेळी नवा मालक आधी बॅटरी बदलतो, मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर भरून घेतो, मग सेल्फचे काम करतो आणि हजारो रुपये खर्चूनही तक्रार जागेवरच राहते.

जुन्या गाडीत भाग निकामी होण्यापेक्षा भागांना जोडणारे सांधे निकामी होण्याचे प्रमाण माझ्या अनुभवात कितीतरी जास्त आहे. बॅटरीच्या पोलवरचा सैल क्लॅम्प, गंजलेले अर्थिंग (मायनसची बॉडीशी जोडणी), काळवंडलेला कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि आधीच्या मालकाने जोडून दिलेली एखादी वायर, बहुतेक बिघाड या चार जागी सापडतात. म्हणून काहीही बदलण्याआधी मोजावे, असा माझा आग्रह आहे. मोजण्यासाठी इलेक्ट्रिशियन असण्याची गरज नाही. साधा मीटर, थोडा वेळ आणि ठरलेला क्रम पुरेसा आहे. खालील पायऱ्या १२ व्होल्टच्या कोणत्याही जुन्या व्हॅनला लागू पडतात, मग ती पेट्रोलवर असो, गॅसवर असो किंवा डिझेलवर.

१. काम सुरू करण्याआधीची काळजी

गाडी सपाट जागी, सावलीत उभी करा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि चाकामागे दगड लावा. हातातील अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचा प्लस आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये अंगठी अडकली, तर ती क्षणात लाल होते आणि बोट भाजते.

बॅटरीची केबल काढताना आधी मायनसची काढावी आणि बसवताना मायनसची शेवटी बसवावी. मायनस निघालेली असली, की प्लसचा बोल्ट सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी-सिगारेट आणि काडेपेटी नको. गॅस किट असलेल्या व्हॅनमध्ये गॅसचा थोडा जरी वास आला, तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, सर्व दारे उघडा आणि वास पूर्ण जाईपर्यंत किल्लीला किंवा कोणत्याही वायरला हात लावू नका. आधी गॅसची गळती दुरुस्त करून घ्यावी. विजेचे काम त्यानंतर.

२. लागणारे साहित्य आणि कागद

• डिजिटल मल्टिमीटर. महागडा घेण्याची गरज नाही, मात्र त्यात डीसी २० व्होल्टची रेंज, १० अँपिअरचा वेगळा सॉकेट आणि कंटिन्युटीचा (वायर अखंड असल्याचा) आवाज असावा.
• टेस्ट लॅम्प आणि २१ वॉटचा एक इंडिकेटर बल्ब, त्याला दोन वायरी जोडून.
• ८, १०, १२ आणि १४ चे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश.
• खाण्याचा सोडा, व्हॅसलिन, डिस्टिल्ड वॉटर, हायड्रोमीटर, चष्मा आणि रबरी हातमोजे.
• योग्य अँपिअरचे जादा फ्यूज, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोक), हीट श्रिंक ट्यूब, चांगल्या प्रतीची वायरिंग टेप.
• बॅटरीचे बिल किंवा वॉरंटी कार्ड, गाडीची मालक-पुस्तिका, फ्यूज बॉक्सच्या झाकणावरील तक्त्याचा फोटो आणि एक वही.

मालक-पुस्तिका जुन्या मालकाकडून आवर्जून मागून घ्या. कोणता फ्यूज कशासाठी आहे हे त्यात दिलेले असते आणि ती नसेल तर अर्धा दिवस शोधाशोधीत जातो. नोंदणीपत्रावरची तारीखही पाहून ठेवा. खासगी वाहनाच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. त्या तपासणीला दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाईट, हॉर्न आणि वायपर चालू असावे लागतात. ती तारीख जवळ आली असेल, तर हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

३. तक्रार नेमक्या शब्दांत लिहून काढा

‘करंट येत नाही’ या वाक्यातून कोणालाही काहीही कळत नाही. बिघाड थंड गाडीत होतो की गरम झाल्यावर, खड्ड्यात गाडी आदळली की दिवा जातो की उभ्या गाडीतही जातो, पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर तक्रार वाढते का, एकच वस्तू बंद आहे की एकाच वेळी तीन-चार, आणि हे सुरू होण्याच्या सुमारास गाडीवर कोणते काम झाले होते, या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गाण्यांचा टेप बसवल्यावर, डेंटिंग-पेंटिंग केल्यावर, गॅस किट लावल्यावर किंवा इंजिन उतरवल्यावर तक्रार सुरू झाली असेल, तर त्या कामात हलवलेल्या वायरींपासूनच तपासाला सुरुवात करावी.

एकापेक्षा अधिक वस्तू एकदम बंद पडल्या असतील, तर त्या सर्वांमध्ये समान काय आहे ते पाहा. सर्वांना एकच फ्यूज असेल किंवा सर्वांचे अर्थिंग एका बोल्टवर असेल. तीन वस्तू स्वतंत्रपणे एकाच दिवशी बिघडणे फार विरळ असते.

४. बॅटरी

गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी किल्ली न लावता मोजमाप घ्या, कारण नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचा आकडा फसवा असतो. मीटरच्या सुया क्लॅम्पवर न टेकवता प्रत्यक्ष बॅटरीच्या पोलवर टेकवा. १२.६ व्होल्टच्या पुढे आकडा असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे. उतरलेल्या बॅटरीवर पुढची कोणतीही तपासणी करू नये. आधी ती बाहेर चार्ज करून घ्यावी.

त्यानंतर मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा आणि त्याच वेळी पोलवरचा आकडा पाहा. तो ९.६ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी दमलेली आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो आहे. या दोहोंतील फरक हायड्रोमीटरने कळतो. झाकणे उघडण्याच्या बॅटरीत प्रत्येक कप्प्यातील ॲसिडची घनता पाहा. पूर्ण चार्ज झाल्यावर ती साधारण १.२५ ते १.२८ असावी. पाच कप्पे सारखे आणि एक कप्पा ०.०५० पेक्षा जास्त खाली असेल, तर तो कप्पा गेला असे समजावे आणि त्या बॅटरीवर आणखी खर्च करू नये. सर्व कप्पे चांगले असूनही आकडा घसरत असेल, तर सेल्फ उतरवून तपासून घ्यावा.

सोलापूरच्या हवामानात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळीसच्या वर जातो, ओम्नीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि गाडी दिवसभर उन्हात उभी राहते, त्यामुळे बॅटरीतील पाणी झपाट्याने कमी होते. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी पाहा. प्लेटा उघड्या पडल्या, की उघडा पडलेला भाग पुन्हा कामाचा होत नाही. पाणी भरायचे ते फक्त डिस्टिल्ड. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने घरोघरी बोअरचे पाणी साठवलेले असते आणि तेच बॅटरीत ओतण्याचा मोह होतो. बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटांवर बसतात आणि बॅटरीचे आयुष्य कमी करतात. पिण्याच्या आरओच्या पाण्यातही क्षार शिल्लक असतात, त्यामुळे तेही चालत नाही. वरून ॲसिड घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच राहते.

क्लॅम्पवर पांढरी-हिरवट भुकटी आली असेल, तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ती धुवावी, पोल आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करावी, घट्ट बसवावी आणि मगच वरून व्हॅसलिन लावावे. सोड्याचे पाणी कप्प्यात जाऊ देऊ नये. क्लॅम्प हाताने पिळून पाहा. तो किंचितही फिरत असेल, तर पुढच्या सर्व मोजमापांना अर्थ नाही.

५. अर्थिंग

लेखातील ही सर्वांत मोठी पायरी आहे आणि तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा, अशी माझी विनंती आहे. बॅटरीच्या प्लसपासून निघालेला करंट बल्बपर्यंत वायरीने जातो, परंतु परत येताना बॉडीच्या पत्र्यातून येतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्याने इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. मायनसची जाड केबल बॉडीला कुठे बसते, तिथून इंजिनकडे पट्टी कशी जाते आणि मागच्या दिव्यांचे अर्थ कोणत्या स्क्रूवर घेतले आहेत, या तीन जागा प्रत्येक व्हॅनमालकाला ठाऊक असाव्यात.

खराब अर्थिंगची लक्षणे विचित्र दिसतात आणि म्हणूनच माणूस गोंधळतो. उजवा इंडिकेटर लावला की त्या बाजूचा पार्किंग लाईटही त्याच्याबरोबर लुकलुकतो. ब्रेक दाबला की इंडिकेटरमध्ये मंद उजेड येतो. हेडलाईट लावले की पेट्रोलचा काटा हलतो. करंटला परतीचा सरळ रस्ता मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. असे काही दिसले, तर बल्ब, फ्लॅशर आणि स्विच तसेच राहू द्यावेत आणि थेट त्या दिव्याच्या अर्थच्या स्क्रूकडे जावे.

आता मोजण्याची पद्धत. बल्ब काढून त्याच्या होल्डरमध्ये व्होल्ट मोजण्याची सवय अनेकांना असते आणि हाच मोठा सापळा आहे. वायरीतील सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक राहिली असली, तरी भार नसताना मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. टाकी भरलेली असताना आणि नळ बंद असताना पाइप कितीही चोंदलेला असला तरी दाब पूर्णच भासतो, तसे हे आहे. म्हणून तपासणी नेहमी वस्तू चालू ठेवून करावी.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी सुई बॅटरीच्या मायनस पोलवर धरा, लाल सुई इंजिनच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर टेकवा आणि मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. इंजिन चालू होऊ नये म्हणून कार्बोरेटरच्या पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलची बारीक वायर आधी काढून ठेवा. डिझेल गाडीत इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहिला, तर अर्थिंग चांगले आहे. त्याहून जास्त आला, तर तेवढे व्होल्ट सेल्फपर्यंत न पोहोचता वाटेतच जात आहेत. मग लाल सुई बॉडीवर टेकवून हीच चाचणी पुन्हा करा, म्हणजे दोष केबलमध्ये आहे की पट्टीमध्ये, हे स्पष्ट होते.

माझ्या ओळखीच्या एका टॉवेल-व्यापाऱ्याच्या व्हॅनमध्ये नवी बॅटरी बसवली होती, सेल्फचे कार्बन ब्रश बदलले होते आणि तरीही दुपारच्या वेळी सेल्फ कण्हत कण्हत फिरत असे. सेल्फ मारताना बॅटरीच्या पोलवर ११.२ व्होल्ट होते, म्हणजे बॅटरी निर्दोष होती. परंतु मायनस पोल आणि इंजिन यांच्यामध्ये १.८ व्होल्ट दिसत होते. खाली वाकून पाहिल्यावर पट्टी शाबूत दिसली. तिचा बॉडीकडचा बोल्ट सोडवला तेव्हा थिंबलखाली राखाडी प्रायमरचा गुळगुळीत थर निघाला, त्यावर बोल्टच्या दातेरी वॉशरचे गोल ओरखडे उमटलेले होते आणि सगळा करंट त्या ओरखड्यांतूनच जात होता. तेवढी जागा पॉलिश पेपरने पत्रा उघडा पडेपर्यंत घासली, थिंबल घासले, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलिन लावले, आकडा ०.१ वर आला. खर्च पॉलिश पेपरचा.

हा प्रकार नोंदणीच्या नूतनीकरणाआधी रंग दिलेल्या गाड्यांत विशेष आढळतो. गाडी चकचकीत दिसावी म्हणून पूर्ण रंगवली जाते, अर्थचे बोल्ट रंगाखाली जातात आणि ऐन तपासणीच्या वेळी दिवे मंद होतात. पेंटरला आधीच सांगून त्या जागांवर टेप लावून घ्यावी.

प्लसची बाजूही अशीच तपासा. लाल सुई बॅटरीच्या प्लस पोलवर आणि काळी सुई सेल्फच्या जाड बोल्टवर धरून सेल्फ मारा, ०.५ व्होल्टपर्यंत ठीक, त्यापुढे केबल किंवा तिचे थिंबल बदलावे. काम संपल्यावर कॉइलची किंवा सोलेनॉइडची काढलेली वायर पुन्हा जोडायला विसरू नये.

६. चार्जिंग

किल्ली ‘ऑन’ केल्यावर आणि इंजिन चालू नसताना डॅशबोर्डवरील बॅटरीचा लाल दिवा लागलाच पाहिजे. अनेक जुन्या गाड्यांत या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, त्यामुळे बल्ब उडाला तर निर्दोष अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बसाठी अल्टरनेटर उतरवण्याची वेळ येऊ नये, म्हणून हा दिवा सर्वांत आधी पाहावा.

इंजिन चालू करून थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि बॅटरीच्या पोलवर मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट हा निरोगी आकडा आहे. हेडलाईट, वायपर आणि ब्लोअर एकत्र लावल्यावर तो थोडा उतरेल, पण १३ च्या खाली येऊ नये. येत असेल तर आधी बेल्ट पाहा. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण एक सेंटिमीटर दबावा. बेल्ट ठीक असेल, तर अल्टरनेटरचे कार्बन ब्रश, डायोड आणि त्याच्या मागची जाड वायर यांकडे वळावे. आकडा १५ च्या पुढे जात असेल, तर कटआऊट (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) निकामी आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी उकळून संपते आणि बल्ब वारंवार उडतात. तेव्हा कटआऊट तातडीने बदलावा.

चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून ‘गाडी चालू राहिली म्हणजे अल्टरनेटर चांगला’ असा निष्कर्ष काढण्याची पद्धत अजूनही दिसते. तसे कोणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळते आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा इंजेक्शनच्या गाडीतील कंट्रोल युनिट जळू शकते.

सात रस्त्यावरून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत आणि परत, अशा आखूड फेऱ्या दिवसभर करणाऱ्या व्हॅनमध्ये सेल्फ वारंवार लागतो आणि बॅटरी पूर्ण भरायला वेळ मिळत नाही. सर्व आकडे योग्य असूनही बॅटरी उतरत असेल, तर महिन्यातून एकदा ती बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्यावी.

७. फ्यूज आणि रिले

पात्यांच्या फ्यूजचा रंग त्याचे अँपिअर सांगतो : लाल १०, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३०. जुनी व्हॅन घेतल्याबरोबर फ्यूज बॉक्स उघडा आणि प्रत्येक फ्यूज झाकणावरील तक्त्याशी ताडून पाहा. १० च्या जागी ३० चा फ्यूज बसवलेला आढळला, तर त्या सर्किटमध्ये पूर्वी दोष होता आणि तो न शोधताच दडपला गेला, असे समजावे. चांदीचा कागद किंवा तांब्याची तार गुंडाळलेला फ्यूज दिसला, तर तो त्याच क्षणी काढून टाका. फ्यूज न उडाल्यास वायर पेटते, आणि व्हॅनमध्ये त्या वायरी माणसे बसतात त्या जागेखालून जातात.

फ्यूज वरून शाबूत दिसला तरी त्याच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावून पाहावा. त्याची पाती बसतात ती खाच तपकिरी झाली असेल किंवा प्लास्टिक वितळलेले असेल, तर तिथे सैल सांधा आहे. ती खाच बदलावी. नुसता नवा फ्यूज ठोकून उपयोग होत नाही.

फ्यूज लावताच उडत असेल, तर दहा फ्यूज वाया घालवण्याऐवजी त्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा. वायर बॉडीला टेकलेली असेल, तर बल्ब पूर्ण प्रकाशाने जळतो आणि त्याच वेळी करंट मर्यादित राहिल्याने वायर तापत नाही. मग त्या सर्किटवरील एकेक कपलर सोडवत जा. ज्या कपलरला बल्ब मंद होतो किंवा विझतो, त्याच्या पुढच्या भागात दोष आहे. मागचा दरवाजा उघडतो तिथली वायरिंगची घडी, सायलेन्सरजवळून जाणारी वायर, पत्र्याच्या भोकातील निघालेले रबर आणि स्टीअरिंगखालचा गुच्छ, या जागा आधी पाहा. गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हेही तपासा.

रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. तो तपासणे सोपे आहे. ८५ आणि ८६ या टोकांना करंट मिळाल्यावर रिले ‘टक’ असा आवाज करतो आणि ३० व ८७ ही टोके जोडतो. आवाज येतो पण वस्तू चालत नाही, तर ३० वर करंट येतो का आणि ८७ वरून तो बाहेर पडतो का ते पाहा. शेजारी त्याच क्रमांकाचा आणि त्याच आकृतीचा रिले असेल, तर अदलाबदल करून पाहणे सर्वांत जलद.

८. सेल्फ, इंजिन आणि दिवे

सेल्फ लागत नसेल तेव्हा हेडलाईट लावून किल्ली फिरवा. दिवे जवळजवळ विझले, तर बॅटरी किंवा क्लॅम्पचा दोष आहे. दिवे जसेच्या तसे राहिले आणि काहीच आवाज आला नाही, तर सेल्फच्या सोलेनॉइडला जाणाऱ्या बारीक वायरीवर टेस्ट लॅम्प लावा. किल्ली फिरवल्यावर तो लागत नसेल, तर दोष इग्निशन स्विचमध्ये किंवा त्या वायरीत आहे. एकच जोराचा ‘टक’ येऊन पुढे काही होत नसेल आणि पाचव्या पायरीतील मोजमापे योग्य असतील, तर सेल्फ उतरवावा. गाडीखाली शिरून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करणे टाळा. गिअर पडलेला असेल, तर गाडी अंगावरून पुढे जाते.

उन्हाळ्यात दुपारी गाडी चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, ही तक्रार कार्बोरेटरच्या व्हॅनमध्ये नेहमीची आहे. कारणे दोन असू शकतात : तापल्यावर कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटरमधील भाग काम सोडतो, किंवा पेट्रोलच्या पाइपमध्ये वाफ धरते. गाडी बंद असतानाच निवाडा करावा लागतो, थंड झाल्यावर काहीही कळत नाही. गॅसचा किंवा पेट्रोलचा वास नाही याची खात्री करून एक प्लग काढा, त्याची टोपी लावा, प्लगचा धातू इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारा. टोपी हातात धरू नका. कडक निळसर ठिणगी पडत असेल, तर विजेचा दोष नाही. पेट्रोलच्या पंपावर आणि पाइपवर ओले फडके ठेवून पाहा. ठिणगी पिवळी व अशक्त असेल किंवा पडतच नसेल, तर कॉइलला बारीक वायरीवर १२ व्होल्ट मिळतात का ते मोजून कॉइल, कंडेन्सर आणि पॉईंट यांची तपासणी करावी.

हेडलाईट मंद असतील, तर जास्त वॉटचे बल्ब बसवू नका. मूळ ६०/५५ वॉटचे दोन बल्ब डिपरवर सुमारे ९ अँपिअर घेतात. १००/९० वॉटचे दोन बल्ब अपरवर १६ अँपिअरच्या पुढे जातात आणि त्या भाराने जुना स्विच व होल्डर वितळतो. दिवे चालू ठेवून प्लसच्या बाजूची आणि अर्थच्या बाजूची घट मोजा. प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट असेल, तर बॅटरीजवळ फ्यूज लावून २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीने हेडलाईटला वेगळे रिले द्यावेत. तुळजापूरच्या घाटातून रात्री परतणाऱ्या गाडीला हे काम मी करून घ्यायलाच सांगतो.

इंडिकेटर एका बाजूला भराभर लुकलुकत असेल, तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो किंवा एलईडी बल्ब बसवलेला असतो. ब्रेक लाईट लागत नसल्यास पेडलजवळचा स्विच आणि रिव्हर्स लाईट लागत नसल्यास गिअरबॉक्सवरचा स्विच पाहावा.

९. रात्रीतून बॅटरी उतरत असल्यास

किल्ली काढा, सर्व दारे लावा आणि आतला दिवा विझल्याची खात्री करा. मायनसची केबल काढून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा आणि केबल व मायनस पोल यांच्यामध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, हेडलाईटही लावू नका, मीटर जळेल. आकडा ०.०५ अँपिअरच्या आत असावा. ०.५ अँपिअर दिसत असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातात आणि ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तिसऱ्या दिवशी रिकामी होते.

आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, ते सर्किट दोषी. सर्व फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल, तर फ्यूजला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेली वायर शोधा. टेप, मोबाईल चार्जर, रिव्हर्स हॉर्न आणि एलईडीच्या पट्ट्या अनेकदा अशा जोडलेल्या असतात. तीही नसेल, तर अल्टरनेटरची जाड वायर काढून पाहा. आकडा शून्यावर आला तर त्याचे डायोड गळत आहेत. ती वायर काढताना आणि लावताना बॅटरीची मायनस केबल निघालेली असावी.

१०. सांधा पक्का कसा करावा

वायरी पिळून वर टेप गुंडाळलेला सांधा सोलापूरच्या उन्हात फार टिकत नाही. टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि सांधा उघडा पडतो. थिंबल दाबून किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक ट्यूब बसवावी. नवी वायर मूळ वायरीइतक्या जाडीची किंवा तिच्याहून जाड घ्यावी, शक्यतो त्याच रंगाची, आणि सायलेन्सरपासून दूर क्लिपने बांधावी. वॉशिंग सेंटरला डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सवर आणि इंजिनच्या कपलरवर जोराचे पाणी मारू देऊ नये.

११. इलेक्ट्रिशियनकडे जाताना

इंजेक्शनच्या गाडीतील कंट्रोल युनिट, अल्टरनेटरचे आतले काम आणि जळालेले पूर्ण वायरिंग ही कामे जाणकाराकडेच द्यावीत. जाताना वही बरोबर न्या आणि आकडे सांगा : सकाळी बॅटरी किती होती, सेल्फ मारताना किती घसरली, चार्जिंग किती आहे, अर्थिंगमध्ये किती घट आहे. आकडे समोर ठेवल्यावर चांगला कारागीर नेमक्या जागी हात घालतो आणि बिनकामाचा भाग बदलण्याची वेळ येत नाही. बदललेला जुना भाग परत मागून घ्या, बिलावर नव्या भागाची वॉरंटी लिहून घ्या आणि काम झाल्यावर तिथेच उभे राहून चार्जिंगचा व अर्थिंगचा आकडा पुन्हा मोजा. जुनी बॅटरी मात्र घरी न आणता विक्रेत्याकडेच द्या. तिच्या वजनाप्रमाणे नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते आणि आतील शिसे योग्य ठिकाणी पोहोचते.